पडद्यावरील मोकळेपणा

ज्याच्या पोटांतलें सहज ओठांवर येतें त्यास आपण मोकळ्या मनाचा मनुष्य म्हणतों. स्नेहांत आणि संसारांत हा गुण फार आवडता आहे. राजकारणांत मात्र तो शोधूं नये, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. या हाताचें त्या हातास कळूं न देणें हेंच राजकारणी पुरुषाचें कौशल्य, असें आमच्या वडील पिढीस वाटे. ही समजूत आतां पालटत चालली आहे. राष्ट्राचें सुकाणू ज्यांच्या हातीं आहे ते पुरुष दूरचित्रवाणीच्या पडद्यावर येऊन आपलें बाळपण, आपली झोप, आपले रागलोभ यांविषयीं घरच्या माणसाप्रमाणें बोलतात, आणि आपण तें कौतुकानें ऐकतों. पुढारी जनतेशीं मोकळेपणानें बोलूं लागला, ही लोकशाहीची सुधारणाच नव्हे काय? या प्रश्नास प्रथमदर्शनीं 'होय' असेंच उत्तर द्यावेंसें वाटतें. आम्हीहि बरेच दिवस तेंच देत होतों.

२४ एप्रिल २०१९ रोजीं पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची एक मुलाखत सर्व वाहिन्यांवर दिसली. विचारणारे होते नट अक्षय कुमार. लोकसभेच्या निवडणुका चालू होत्या, आणि नाशिकच्या मतदानास पांच दिवस उरले होते. मुलाखत 'अराजकीय' आहे असें आरंभींच जाहीर झालें होतें. आपण आंबा खातां काय, झोप किती घेतां, राग आला म्हणजे काय करतां, अशा प्रश्नांस पंतप्रधान हंसतमुखानें उत्तरें देत होते. आमच्या घरीं त्या दिवशीं लहानथोर सगळीं जमलीं होतीं. मुलाखत संपली तेव्हां आमच्या वृद्ध आत्याबाई म्हणाल्या, "किती साधा हो! अगदीं आपल्यासारखा माणूस आहे." त्यांचें म्हणणें कोणास खोटें वाटलें नाहीं. आम्हांसहि मुलाखत आवडली होती. रात्रीं अंथरुणावर पडल्यावर मात्र एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत आली. तास-सव्वा तास ऐकलेल्या त्या बोलण्यांत, उद्यां ज्याविषयीं आम्हीं त्यांस जाब विचारावा असें एकहि वाक्य आम्हांस आठवेना. यांत पंतप्रधानांनीं फसवणूक केली असें मुळींच नाहीं. 'अराजकीय' म्हटलें होतें, आणि मुलाखत अराजकीयच झाली. प्रश्न आमच्या समाधानाचा होता. ज्या माणसाच्या एका सहीनें आमच्या जिल्ह्यांतल्या लाखों कुटुंबांचा वर्षाचा हिशेब फिरतो, तो आपल्यासारखाच आहे एवढें कळल्यानें आम्ही इतके तृप्त कां झालों?

पडदा हा शब्दच मोठा गमतीचा आहे. ज्यावर दिसतें तोहि पडदा, आणि ज्याच्या मागें लपतें तोहि पडदा. या देशांत पडद्याची विद्या रुजविली ती आमच्याच जिल्ह्यांतल्या त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनीं, आणि १९१३ सालीं त्यावर त्यांनीं प्रथम आणला तो राजा हरिश्चंद्र. सत्यासाठीं राज्यावर पाणी सोडणाऱ्या राजानें आमच्या पडद्याचा शुभारंभ व्हावा हें भाग्यच म्हणावयाचें. फक्त तो चित्रपट मुका होता, आणि हरिश्चंद्रास त्यांत एक शब्दहि बोलण्याचा प्रसंग आला नाहीं! पुढें पडद्यास वाचा फुटली, मग तो पडदा आमच्या दिवाणखान्यांत आला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. आज तोच पडदा खिशांत मावतो. सभेंत जो पुरुष शंभर हातांवरून मुंगीएवढा दिसे त्याच्या पापणीची हालचाल आतां सुरगाण्याच्या पाड्यावरील बाईसहि दिसते. ही सोय लहान नव्हे. पण चेहरा जवळ आला म्हणून मनुष्य जवळ आला, असें समजण्याची घाई आपण सगळेच करतों.

मित्रापाशीं आपण मन मोकळें करतों तेव्हां काय घडतें तें पाहावें. त्या क्षणापासून आपली एक दोरी त्याच्या हातीं जाते. "त्या दिवशीं तर तूं असें म्हणाला होतास," असें तो उद्यां तोंडावर म्हणूं शकतो, आणि आपणांस मान खालीं घालावी लागते. हा अधिकार त्यास आपणच दिलेला असतो. तो न देतां केलेलें बोलणें कितीहि गोड असलें तरी त्यास गप्पा म्हणतात. मराठी भाषेनें ही गोष्ट फार पूर्वीं ओळखली आहे. आपण शब्द 'देतों', शब्द 'राखतों', शब्दांत 'सांपडतों'. कोणाच्या शब्दास 'किंमत' असते, कोणाच्या नसते. नाशिकरोडच्या छापखान्यांत ज्या नोटा छापतात त्यांवर, धारकास इतके रुपये देण्याचें मी वचन देतों, अशा अर्थाचें वाक्य असतें, आणि खालीं रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही असते. कागद तो कागदच. पण धारक कोणीहि असो, तो पुढें करून मागणें करतां येतें, यांतच त्याचें मोल आहे. पुढाऱ्याचा शब्द आम्ही या जातीचा मानतों. तो ज्याच्या हातीं पडला त्यास पुढें करतां आला पाहिजे. मग बोलणारा रडला कीं हंसला, सदऱ्यांत होता कीं कोटांत, हा प्रश्न गौण ठरतो.

अशी दोन बोलणीं नाशिक जिल्ह्याच्या भूमीवर झालेलीं आहेत. दोन्ही वेळीं पडदा नव्हता. काळारामाच्या मंदिरांत अस्पृश्यांस प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० रोजीं नाशिकास सत्याग्रह सुरू झाला, आणि पुढें पांच वर्षें रेंगाळला. दार उघडलें नाहीं. त्यानंतर १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं येवल्याच्या परिषदेंत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं जाहीर केलें कीं, हिंदु म्हणून जन्मास येणें आपल्या हातीं नव्हतें, पण हिंदु म्हणून आपण मरणार नाहीं. या वाक्याचें धैर्य सर्वांस ठाऊक आहे. त्याची दुसरी बाजू तितकी लक्षांत घेतली जात नाहीं. कोणता धर्म स्वीकारावयाचा हें तेव्हां ठरलेलें नव्हतें, केव्हां स्वीकारावयाचा हेंहि नव्हतें. असें असतां त्यांनीं आपला शब्द हजारों लोकांच्या हातीं देऊन टाकला. पुढें निरनिराळ्या धर्मांचे लोक त्यांच्याकडे आले, स्वकीयांनीं विनविलें, विरोधकांनीं हिणविलें. आणि 'येवल्याचें काय झालें?' असें विचारण्याचा हक्क एकवीस वर्षें प्रत्येकास राहिला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरांत त्या शब्दाची फेड झाली. मोकळेपणा हा असा महाग असतो.

दुसरें बोलणें नाशिकच्या काँग्रेस अधिवेशनांतलें, सप्टेंबर १९५० मधलें. अध्यक्षस्थानीं पुरुषोत्तमदास टंडन होते, आणि त्यांची निवड पंडित नेहरूंच्या मनाविरुद्ध झालेली होती. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. अल्पसंख्याकांविषयींचें नेहरूंचें धोरण पक्षांतल्याच अनेकांस डांचत होतें. नेहरूंनीं प्रतिनिधींस तोंडावर सांगितलें कीं, मी पंतप्रधान राहावें असें वाटत असेल तर या प्रश्नावर माझ्यामागें निःसंदिग्धपणें या. नको असेन तर तसें सांगा, मी जातों. हें बोलणें कानांस गोड नव्हतें. ऐकणाऱ्याच्या हातीं मात्र तें एक निश्चित वस्तु देऊन गेलें: त्यास 'हो' म्हणतां आलें असतें, 'नाहीं' म्हणतां आलें असतें. नेहरूंचीं सर्वच धोरणें आम्हांस मान्य आहेत असें नव्हे. पुढल्या एका प्रसंगाविषयीं तर बरेंच म्हणावयाचें आहे.

यावर कोणी म्हणेल, तुम्ही जुन्या सभांचे भक्त आहां. सभेंतहि नाटक असतेंच. हा आक्षेप खरा आहे. किंबहुना सभेपेक्षां मुलाखतींत एक गोष्ट अधिक असते, ती म्हणजे प्रश्न. वक्त्यास मध्येंच थांबवून 'म्हणजे काय?' असें सभेंत कोणी विचारीत नाहीं. मुलाखतींत तें विचारतां येतें. म्हणून मुलाखत ही संस्था आम्हांस मुळीच त्याज्य वाटत नाहीं. नीट वापरली तर तिच्याएवढें उत्तम साधन दुसरें नाहीं. १९५५ सालीं बी. बी. सी. च्या आकाशवाणीनें डॉ. आंबेडकरांची मुलाखत घेतली. गांधीजींविषयीं विचारतांच त्यांनीं आडपडदा न ठेवतां आपलें कठोर मत सांगितलें. गांधीजी जाऊन सात वर्षें झालीं होतीं आणि देश त्यांस पूजीत होता. तें मत कोणास रुचो अथवा न रुचो, आजहि तें पुढें ठेवून वाद करतां येतो. बोलणाऱ्याच्या आवडीनिवडी कोणत्या, याचा त्या मुलाखतींतून पत्ता लागत नाहीं. आणि त्यावांचून कांहीं अडतहि नाहीं.

अमेरिकेंतली एक गोष्ट याच जातीची आहे. १२ मार्च १९३३ रोजीं अध्यक्ष रूझवेल्ट हे आकाशवाणीवर प्रथमच कौटुंबिक थाटांत देशाशीं बोलले. देशांतल्या बँका बंद होत्या, लोक ठेवी काढून घेण्यास धांवत होते. रूझवेल्टनीं आपल्या आजाराचें वा घरच्या मंडळींचें पुराण सांगितलें नाहीं. बँकेंत ठेवलेला पैसा तिजोरींत पडून नसतो, तो कोठें गुंतविलेला असतो, बँका कां बंद कराव्या लागल्या आणि आतां कोणत्या क्रमानें उघडतील, हें त्यांनीं बायाबापड्यांस समजेल अशा भाषेंत सांगितलें. बँका उघडल्या तेव्हां लोक पैसे परत भरण्यास आले. उद्यां बँका उघडल्या नसत्या तर रूझवेल्टचें तोंड कोणी पुन्हा ऐकलें नसतें. ही जोखीम त्या गोड आवाजाच्या पाठीशीं होती.

आणि त्याच देशांत, १९७७ सालीं, अध्यक्षपद सोडावें लागलेले निक्सन डेव्हिड फ्रॉस्ट या इंग्रज मुलाखतकारापुढें बसले. यासाठीं त्यांनीं सहा लक्ष डॉलर घेतले होते. पैसे घेऊन मोकळेपणा! हंसावें कीं रडावें हें कळत नाहीं. पण फ्रॉस्टनें कागदपत्रांचा अभ्यास केला होता, आणि तो एकाच प्रश्नावर पुन्हा पुन्हा परत येत होता. शेवटीं, अध्यक्षानें केलेली गोष्ट बेकायदा ठरतच नाहीं, असें निक्सनच्या तोंडून निघालें. देशाचा आपण विश्वासभंग केला हेंहि निघालें. हा कबुलीजबाब निक्सनच्या सरळपणाचें फळ नव्हे, विचारणाऱ्याच्या चिकाटीचें आहे. म्हणजे मोकळेपणाचें अर्धें श्रेय विचारणाऱ्याकडे जातें. ज्या मुलाखतींत विचारणाऱ्यास कांहींच तयारी करावी लागली नाहीं तिच्यांत सांगणाऱ्यानें मन किती उघडलें याचा हिशेब करण्यांत फारसा अर्थ नाहीं.

आमच्याकडे २०१४ च्या जानेवारींत दोन प्रसंग लागोपाठ घडले. ३ तारखेस तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग पत्रपरिषदेपुढें बसले. इतिहास आपणांस अधिक दयेनें वागवील, अशी आशा त्यांनीं तेथें बोलून दाखविली. २७ तारखेस राहुल गांधींची एक दीर्घ मुलाखत दूरचित्रवाणीवर झाली. प्रश्न तिखट होते, उत्तरें बरीचशीं फसलीं. दुसऱ्या दिवसापासून देशभर तिची थट्टा सुरू झाली. आमच्या वाचनालयाच्या ओट्यावर तर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. आम्हीहि हंसलों. उत्तरें हंसण्याजोगीं होतीं, याविषयीं आजहि आमचें मत बदललेलें नाहीं. परंतु त्या हंसण्यांतून सर्व पक्षांचे पुढारी काय शिकले असतील, याचा विचार तेव्हां आमच्या मनांत आला नव्हता. कठीण प्रश्नापुढें बसणाऱ्याची फजिती होते, सोप्या प्रश्नापुढें बसणाऱ्याचें कौतुक होतें; मग शहाणा मनुष्य कोठें बसेल? १७ मे २०१९ रोजीं पंतप्रधान मोदी आपल्या पक्षाच्या पत्रपरिषदेस उपस्थित होते, पण पत्रकारांच्या प्रश्नांस उत्तरें दिलीं तीं पक्षाध्यक्षांनीं. यास कोणी अहंकार म्हणतात, कोणी शिस्त. आम्हांस त्यांत आमच्याच हंसण्याचा पडसाद ऐकूं येतो.

एवढ्यावरून पुढाऱ्यानें सर्व कांहीं सांगितलेंच पाहिजे असें आमचें म्हणणें आहे, असा कोणाचा समज व्हावयाचा. तसें नाहीं, आणि येथें नाशिककरांस विशेष जिव्हाळ्याचें एक नांव घ्यावें लागतें. १९६२ च्या नोव्हेंबरांत चीनपुढें आमची दाणादाण उडाली, आणि यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचें मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. हिमालयाच्या मदतीस सह्याद्रि धांवला, असें त्या वेळीं महाराष्ट्रांत म्हणत. त्यांस लोकसभेंत पाठविलें तें नाशिकनें, १९६३ च्या पोटनिवडणुकींत, बिनविरोध. देवळालीच्या छावणीचा हा मतदारसंघ. तोफखान्याच्या जवानांस येथेंच शिकविलें जातें. येथल्या लोकांस त्या पराभवाचीं कारणें जाणून घेण्याची इच्छा इतरांहून तसूभर अधिकच असणार. चौकशीचें काम ले. जनरल हेंडरसन ब्रुक्स व ब्रिगेडियर भगत यांनीं केलें. त्यांच्या अहवालाविषयीं यशवंतरावांनीं २ सप्टेंबर १९६३ रोजीं संसदेंत निवेदन केलें. अहवाल प्रसिद्ध केल्यास देशाच्या सुरक्षिततेस व सैन्याच्या मनोधैर्यास धक्का बसेल, म्हणून तो प्रसिद्ध करणार नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. आणि शिक्षण, साहित्य, हुकुमाची पद्धति, सेनापतींची योग्यता अशा कोणत्या बाबतींत आम्ही उणे पडलों याचा गोषवारा मात्र दिला.

हा मोकळेपणा कीं लपवाछपवी? आमच्या मतें त्या दिवशीं तरी हा मोकळेपणाच होता. मूठ झांकलेली आहे, तिच्यांत अमुक प्रकारची वस्तु आहे, आणि ती अमुक कारणानें उघडीत नाहीं, इतकें जो चारचौघांत सांगतो त्यानें ऐकणाऱ्यास फसविलें नाहीं. ऐकणारा त्याच्याशीं भांडूं शकतो: तुमचें कारण पटत नाहीं, असें म्हणूं शकतो. संसदेंत तसें म्हटलेंहि गेलें. भलत्याच गोष्टी सांगून मूळ गोष्टीचा विसर पाडणाऱ्यापेक्षां हा मनुष्य शतपट सरळ.

पण न सांगण्यासहि मुदत असावी लागते, आणि अडचण तेथेंच आली. १९६३ सालीं जें कारण खरें होतें तें १९७३ सालीं किती खरें उरलें होतें? १९९३ सालीं? २०१४ च्या मार्चांत नेव्हिल मॅक्सवेल या ऑस्ट्रेलियन पत्रकारानें त्या अहवालाचा मोठा भाग जगापुढें ठेवला. सरकारनें तो अधिकृतपणें कधींच प्रसिद्ध केलेला नाहीं. ज्यांस प्रश्न विचारावयाचे ते नेहरू, मेनन, सेनापति, सारे कधींच निघून गेले होते. यशवंतराव स्वतः आत्मचरित्र लिहीत होते. त्याचा पहिला भाग 'कृष्णाकाठ' १९८४ सालीं निघाला. तो १९४६ पाशीं थांबतो. मुंबईच्या आणि दिल्लीच्या पर्वांविषयीं पुढें लिहावयाचें होतें. २५ नोव्हेंबर १९८४ रोजीं ते गेले. नाशिकनें ज्यांस बिनविरोध म्हणजे एकहि प्रश्न न विचारतां दिल्लीस पाठविलें, त्यांच्या तोंडून नाशिकच्या वांट्यास १९६२ ची ती हकीकत आली नाहीं. त्यांच्या कारकीर्दींत, १९६४ सालीं, ओझरला विमानांचा कारखाना उभा राहिला, त्यानें हजारों घरांस अन्न दिलें. त्यांच्या नांवाचें मुक्त विद्यापीठहि १९८९ पासून आमच्याच गांवीं आहे. 'मुक्त' या शब्दाशीं त्या बंद अहवालाची सांगड आमच्या मनांत विनाकारण घातली जाते, त्यास इलाज नाहीं.

न सांगणें निराळें आणि खोटें सांगणें निराळें. परंतु खोटें सांगण्याचाहि एक असा प्रसंग महाराष्ट्रांत घडला आहे कीं त्यापुढें आमची सगळी नीतिविद्या अडखळते. १२ मार्च १९९३, शुक्रवार. मुंबईंत एकामागून एक बाँबस्फोट झाले. २५७ माणसें मेलीं. डिसेंबर व जानेवारींतल्या दंगलींत सुमारें ९०० माणसें मेलेलीं, ती आग पुरती विझलेली नव्हती. स्फोटांचीं स्थळें बहुतेक हिंदु वस्तीचीं किंवा व्यापारपेठेंतलीं होतीं. उमटावयाची ती प्रतिक्रिया रात्रीच उमटली असती. शरद पवार यांस मुख्यमंत्री म्हणून परत येऊन एक आठवडाहि झाला नव्हता. ते दूरदर्शनवर आले, आणि झालेल्या स्फोटांच्या यादींत त्यांनीं न झालेल्या एका स्फोटाची भर घातली. स्थळ सांगितलें मशीद बंदर, मुसलमान वस्तीचें. हेतु असा कीं, घाव दोन्ही समाजांवर पडला असें लोकांस वाटावें. दंगल पेटली नाहीं. ही हकीकत आम्ही कोणाच्या कुजबुजीवरून सांगत नाहीं. पवारांनींच ती पुढें मुलाखतींतून आणि २०१५ सालच्या 'लोक माझे सांगाती' या आत्मकथनांत सांगितली आहे. (यशवंतराव हे त्यांचे गुरु, आणि त्या दिवशीं गुरूंची ऐंशीवी जयंती होती. रूझवेल्टच्या त्या भाषणासहि त्याच दिवशीं साठ वर्षें पुरीं होत होतीं. योगायोगांवर आमचा विश्वास नाहीं, तरी लिहिल्यावांचून राहवलें नाहीं.)

हें वाचून जो चटकन् 'निषेध' म्हणेल त्यानें त्या रात्रीं आपलें मूल मोहम्मद अली रोडवर किंवा लालबागेंत अडकलें होतें अशी कल्पना करावी. जो चटकन् 'शाबास' म्हणेल त्यासहि आमचा एक प्रश्न आहे. धर्मराज एकदांच अर्धें खोटें बोलला, आणि त्याचा अधांतरीं चालणारा रथ जमिनीस टेकला अशी कथा आहे. तें खोटें युद्ध जिंकण्यासाठीं होतें. मुंबईचें खोटें माणसें वांचविण्यासाठीं. दोहोंत मोठें अंतर आहे, आणि तें आम्ही मान्य करतों. पण रथ मात्र दोन्ही वेळां खालीं येतो. पुढें केव्हां तरी असाच एखादा मुख्यमंत्री, कोणत्याहि पक्षाचा असो, संकटाच्या रात्रीं पडद्यावर येईल आणि 'घाबरूं नका, इतक्याच ठिकाणीं घडलें आहे' असें अगदीं खरें सांगेल. तेव्हां ऐकणारा १९९३ आठवील. पहिल्यानें जो विश्वास खर्चिला तो त्याच्या एकट्याचा नव्हता. मागून येणारांच्या खात्यांतलाहि त्यांत होता. त्या एका रात्रीपुरता हा खर्च योग्य होता, असें आम्ही बऱ्याच विचारांतीं म्हणूं. पण तो खर्च होता, ही गोष्ट विसरूं देणार नाहीं. पवारांनीं तो स्वतः हिशेबांत मांडला हें त्यांच्या बाजूचें आहे. आम्हांस खटकतें तें ऐकणारांचें वागणें. ही गोष्ट लोकांत सांगितली जाते तेव्हां ऐकणारे टाळ्या देतात, 'काय डोकें!' म्हणतात. आपणांस खोटें सांगितलें गेलें होतें, हें त्या क्षणीं त्यांच्या मनास शिवत नाहीं. कबुलीनें जी दोरी आमच्या हातीं दिली, तिची आम्ही माळ करून सांगणाऱ्याच्याच गळ्यांत घातली.

८ डिसेंबर २०२३ पासून केंद्र सरकारनें कांद्याची निर्यात बंद केली. ती ४ मे २०२४ रोजीं उठली. त्या पांच महिन्यांत लासलगांवच्या बाजारांत उभें राहिलेल्या शेतकऱ्यास दिल्लीच्या माणसास एक प्रश्न विचारावयाचा होता, आणि तो खास आंब्याविषयींचा नव्हता. बंदीचीं कारणेंहि असतील; शहरांतल्या गिऱ्हाइकाची बाजू आहेच, आम्ही स्वतः त्या बाजूचे आहों. तीं कारणें रूझवेल्टच्या पद्धतीनें समोर बसून सांगतां आलीं असतीं. पण ज्यांच्या घरीं पडदा दिवसभर चालू असतो त्या आम्हां शहरवासीयांसच तें ऐकावयाचें नसतें. हें आम्ही दुसऱ्यांवर ठेवून बोलत नाहीं.

दहा-बारा वर्षांपूर्वीं गांवांतल्या एका सभेंत एका मोठ्या पुढाऱ्याची प्रकट मुलाखत घेण्याचें काम आमच्याकडे आलें होतें. श्रोत्यांनीं चिठ्ठ्या पाठवाव्या, आणि त्यांतून निवडून आम्हीं प्रश्न विचारावे, अशी योजना होती. चिठ्ठ्यांत एक वहीच्या कागदावर पेन्सिलीनें लिहिलेली होती. निफाड तालुक्यांतल्या कोणा शेतकऱ्याची. मागच्या वेळीं आपण कांद्याच्या भावाबद्दल असा असा शब्द दिला होतां, त्याचें काय झालें, एवढाच मजकूर. खालीं गांवाचें नांव. चिठ्ठी विचारूं नका असें आम्हांस कोणी सांगितलें नव्हतें. पाहुणे रंगांत आले होते, सभागृह हंसत होतें, आम्हांसहि आपली मुलाखत चांगली चालली आहे असें वाटत होतें. आम्हीं ती चिठ्ठी घडी करून खिशांत घातली, आणि आईच्या हातचा कोणता पदार्थ आपणांस अजून आठवतो, असा प्रश्न विचारला. पाहुण्यांचे डोळे पाणावले. टाळ्या बऱ्याच वेळ चालल्या, आणि सभा ठरल्या वेळेच्या वीस मिनिटें आधींच आटोपली.

बाहेर पडतांना दाराशीं एक टोपीवाले वृद्ध गृहस्थ उभे होते. नमस्कार करून त्यांनीं विचारलें, "साहेब, आमची चिठ्ठी पोंचली होती का?"

वेळ उरला नाहीं, असें आम्हीं त्यांस सांगितलें.